नामिबियातली शिकार आणि कागदांचा माग

नामिबियात शिकार करून आलो म्हटलं की लोकांचे दोन प्रश्न ठरलेले. हे कायदेशीर असतं का, आणि तिथे वाघ-सिंह मारता येतो का. आफ्रिकेत वाघ नसतो हे आधी सांगावं लागतं. सिंहाचं उत्तर लांबलचक आहे आणि मी त्या वाटेला गेलोच नाही. माझ्या यादीत कुडू, गेम्सबॉक आणि स्प्रिंगबॉक ही तीनच नावं होती. तिन्ही हरणांच्या जातकुळीतली, तिन्ही त्या देशात भरपूर. ज्यांना हा सगळा प्रकार किळसवाणा वाटतो त्यांच्याशी माझं भांडण नाही. आमच्या घरातच अशी एक व्यक्ती आहे आणि ती रोज मला जेवायला वाढते.

मला सांगायचं आहे ते कागदांबद्दल, कारण गोळी झाडायला लागतो एक क्षण. तो क्षण कायदेशीर ठरवणारे कागद गोळा करण्यात आणि नंतर ते निस्तरण्यात वर्षभराहून जास्त गेलं.

आमची राधानगरीच्या बाजूला थोडी ऊसशेती आहे. गवे आणि डुकरं रात्रीत फड तुडवून जातात. आजोबांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची बंदूक होती. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, मग सोडवून आणायला खेपा घालायच्या. तिने कधी गवा मारला नाही, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर मारण्याचा प्रश्नही नव्हता. हवेत एक बार, एवढंच तिचं काम. पण परवान्याचं ते पुस्तक आजोबा देवघराच्या फडताळात ठेवत.

अमेरिकेत आल्यावर कागदांची दुसरी तऱ्हा दिसली. एच-वन बी व्हिसावर असताना फेडरल कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. पण अपवाद असा, की तिथल्या एखाद्या राज्याचा शिकारीचा वैध परवाना तुमच्याकडे असला तर बाळगता येते. टेक्ससमध्ये 2 सप्टेंबर 1971 किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीच्या शिक्षणाचा कोर्स करावा लागतो, तो केला. बंदूक घेऊन कुंपण कसं ओलांडायचं, जनावराच्या पाठीमागे काय आहे हे बघितल्याशिवाय चाप का ओढायचा नाही, असलं सगळं त्यात असतं. कोर्स चांगला होता. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याबरोबर रानडुकरांपासून सुरुवात झाली.

मग एका रांचवर काळवीट पाहिलं. आपलंच, पिळाच्या शिंगांचं, काळ्या-पांढऱ्या अंगाचं. भारतात त्याला पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, आणि त्याच्या शिकारीपायी जोधपूरला किती वर्षं खटले चालले ते सगळ्यांना ठाऊक आहे. टेक्ससमध्ये ते बाहेरून आणलेलं जनावर, म्हणून त्याला ना ठरावीक हंगाम, ना संख्येची मर्यादा. तुमच्याकडे शिकारीचा परवाना हवा आणि जमीनमालक हो म्हणायला हवा. नीलगाईचंही तसंच. रांचमालकाने दरपत्रक पुढे केलं तेव्हा मला ते वाचवेना. काळविटावर मी आजतागायत बंदूक रोखलेली नाही. पण प्राण्याच्या जातीपेक्षा तो कोणाच्या मालकीचा यावर कायदा कसा फिरतो, हे तिथे पहिल्यांदा लख्ख दिसलं.

नामिबियाचं नाव मात्र डॅलसमध्येच कानावर पडलं. जानेवारी 2014 मध्ये इथल्या सफारी क्लबने नामिबियातल्या एका काळ्या गेंड्याच्या शिकारीचा परवाना लिलावात काढला आणि तो साडेतीन लाख डॉलरला गेला. गावात गदारोळ उठला. बोली जिंकणाऱ्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, एफबीआयने त्यांची चौकशी केली. मला तेव्हा कळलं की 2004 मध्ये सायटिस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांनी नामिबियाला वर्षाला पाच काळे गेंडे शिकारीसाठी देण्याची मुभा दिली होती. पिल्लं होण्याचं वय उलटलेला, तरण्या नरांना आणि कधी पिल्लांनाही मारणारा म्हातारा नर निवडायचा, अशी त्यामागची भूमिका. अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने मुंडकं आयात करायला परवानगी दिली 2015 मध्ये, आणि त्यानंतर शिकार झाली. साडेतीन लाख डॉलर मोजणाऱ्यालाही वर्षभर कागदाची वाट बघत बसावं लागलं, हे माझ्यातल्या कोल्हापूरकराला फार आवडलं.

आमचं नियोजन सुरू झालं ते रायफलपासून. स्वतःची बंदूक नेण्यापेक्षा तिथे भाड्याने घेणं सोपं, असं सगळेच सांगतात आणि ते खरं आहे. मला माझीच हवी होती. अमेरिकेबाहेर नेताना कस्टमच्या कार्यालयात जाऊन 4457 क्रमांकाचा फॉर्म भरायचा. अधिकारी पेटी उघडून नळीवरचा क्रमांक स्वतः वाचतो, फॉर्मवरच्या क्रमांकाशी ताडून बघतो आणि शिक्का मारतो. त्या चिटोऱ्यावर परतताना तुमची बंदूक तुमचीच ठरते. गंमत फॉर्मच्या कोपऱ्यात आहे. तिथे छापलेली मुदत असते ती त्या छापील नमुन्याची, तुमच्या बंदुकीची नव्हे. पण परदेशातल्या पोलिसांनी ती तारीख बघून ‘तुमचा परवाना संपलाय’ म्हणत शिकाऱ्यांना अडवल्याचे प्रकार झालेत, विशेषतः दक्षिण आफ्रिकेत. मी नवा नमुना छापून घेतला आणि जोहान्सबर्ग टाळून फ्रँकफुर्टमार्गे गेलो. काडतुसं वेगळ्या पेटीत, विमानात माणशी पाच किलोच्या आत.

विंडहोकचा होसेया कुटाको विमानतळ शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर, मोकळ्या माळात आहे. सामान घेतल्यावर पोलिसांची खिडकी. तात्पुरत्या आयातीचा फॉर्म, पुन्हा क्रमांक, पुन्हा कॅलिबर, काडतुसं मोजून. खिडकीतल्या बाईंनी रायफलचं बोल्ट काढायला सांगितलं, नळीतून उजेड बघितला आणि विचारलं, ‘‘कुठल्या फार्मवर?’’ फार्मचं नाव सांगितलं, त्यांनी यादीत शोधलं. काडतुसं त्याच बंदुकीची असायला हवीत. दुसऱ्या कॅलिबरचं एखादं चुकून खिशात राहिलं तर तेवढ्यावर अडून बसतात म्हणे. माझ्या पुढच्या जर्मन म्हाताऱ्याला हे सगळं इतकं सवयीचं होतं की त्याने स्वतःचं पेन आणि पॅडसुद्धा आणलं होतं.

शिकारीचा परवाना तुम्ही काढायचा नसतो. तुमचा यजमान पर्यावरण मंत्रालयाकडे अर्ज करतो आणि तुमच्या नावाने परवाना येतो. त्यावर फार्म, प्राण्यांच्या जाती, संख्या. एका जातीचे जास्तीत जास्त दोन. हंगाम फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेपासून नोव्हेंबरअखेर. सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास, त्यापलीकडे चाप ओढला तर तो गुन्हा. बंदुकीच्या ताकदीचाही नियम आहे. स्प्रिंगबॉकसाठी नळीच्या तोंडाशी किमान 1350 जूल, कुडू-गेम्सबॉकसाठी 2700, हत्ती-म्हशींसाठी 5400. माझी थर्टी-ऑट-सिक्स रायफल मधल्या पायरीत आरामात बसत होती. आणि बरोबर नोंदणीकृत मार्गदर्शक शिकारी हवाच. त्यांच्यातही उतरंड आहे : कोणी फक्त स्वतःच्या फार्मवर शिकार करवू शकतो, कोणी आणखी दोन फार्मवर, आणि ज्याला सगळे पीएच, म्हणजे प्रोफेशनल हंटर, म्हणतात तो कुठल्याही नोंदणीकृत फार्मवर. आमचा पीएच आमच्या फार्मच्या मालकाचाच पुतण्या होता, घरात जर्मन बोलणारा, कामगारांशी आफ्रिकान्स.

गावाकडे आण्णांना फोनवर हे सांगत होतो. त्यांनी मधेच विचारलं, ‘‘मग परवाना कोण देतो रं तिथं? कलेक्टर?’’

‘‘मंत्रालय देतं, आण्णा. पण जनावर शेतमालकाचं असतं.’’

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग, ‘‘म्हंजे गवा जर आपल्या फडात आला, तर तो आपला?’’

अगदी तसं नाही, पण मुद्दा त्यांनी अचूक पकडला होता. नामिबियाच्या 1975 च्या निसर्गसंरक्षण कायद्याने, ठरावीक अटी पाळणाऱ्या खाजगी जमीनमालकांना कुडू, गेम्सबॉक, स्प्रिंगबॉक अशा मोजक्या जातींवर मालकीचे हक्क दिले. तोवर ही जनावरं म्हणजे गुरांचा चारा खाणारी ब्याद. हक्क मिळाल्यावर तोच शेतकरी त्यांच्यासाठी पाणवठे बांधू लागला. त्यावेळी हे हक्क अर्थातच गोऱ्यांच्या फार्मना मिळाले, कारण राज्य दक्षिण आफ्रिकेचं होतं. स्वातंत्र्यानंतर, 1996 च्या दुरुस्तीने, सामायिक जमिनीवर राहणाऱ्या लोकांनाही आपली ‘कॉन्झर्व्हन्सी’ नोंदवून तसेच हक्क घेता येऊ लागले. 1998 मध्ये पहिल्या चार नोंदवल्या गेल्या, आज त्या ऐंशीच्या वर आहेत. तिथे हत्तीची शिकार झाली तर पैसा कॉन्झर्व्हन्सीच्या खात्यात जातो आणि मांस गावात वाटलं जातं.

आपल्याकडे वन्यप्राणी सरकारचा, नुकसान शेतकऱ्याचं, आणि भरपाई पंचनाम्यानंतर. म्हणून नामिबियाचा कायदा उचलून राधानगरीत लावा असं मी म्हणणार नाही. तो देश महाराष्ट्राच्या अडीच पटीहून मोठा आणि लोक उणेपुरे तीस लाख. तिथे दोन फार्महाउसांच्या मधे जेवढी जागा असते तेवढ्यात आपले चार-पाच गाव बसतील. पण शिकारीवर बंदी घालणाऱ्यांनी आणि तिचा उदोउदो करणाऱ्यांनी, दोघांनीही, आण्णांच्या प्रश्नाला आधी उत्तर द्यावं असं मला वाटतं. केनियाने 1977 मध्ये शिकार बंद केली ती बंदच आहे. बोट्सवानाने 2014 मध्ये बंद केली आणि 2019 मध्ये पुन्हा सुरू केली. 2024 मध्ये जर्मनीने मुंडक्यांच्या आयातीवर निर्बंध आणायची भाषा सुरू केली तेव्हा बोट्सवानाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मासिसी म्हणाले, तुम्हाला वीस हजार हत्ती भेट पाठवतो, राहा त्यांच्याबरोबर. दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात वाढवलेले सिंह कुंपणाच्या आत सोडून मारतात, तो धंदा मात्र मला निव्वळ घाणेरडा वाटतो. त्याला कुठलाही शेतकऱ्याचा युक्तिवाद लागू होत नाही.

आमचं फार्म ओत्जिवारोंगोच्या बाजूला होतं. जुलै, पहाटे बोटं गारठून बधिर. आधी कागदी लक्ष्यावर शंभर मीटरवरून रायफल तपासून घेतली. विमानप्रवासात दुर्बीण हलते. हे झाल्याशिवाय पीएच कोणाला बाहेर नेत नाही. काटेरी झुडपांनी रान असं भरलेलं की अंगावरची जाड पँटसुद्धा ओरबाडून निघते. गाडीतून गोळी चालवायची नाही हा त्याचा नियम. पुढे माग काढणारा, मग पीएच, मग मी, आणि खांद्यावर टेकूची तिपाई.

गेम्सबॉकच्या कळपापाशी पोचलो तेव्हा मला सगळ्यात लांब शिंगांचं जनावर दिसलं आणि मी तिपाईवर रायफल टेकवली. पीएचने नळीवर हात ठेवला. ‘‘मादी आहे. मागे वासरू.’’ गेम्सबॉकमध्ये मादीची शिंगं लांब पण बारीक, नराची आखूड पण बुडाशी जाड. नवखे शिकारी लांबीला भुलतात. नर बाजूला यायला वेळ लागला. डावीकडून तिसरा, मग पहिला, मग झुडपाआड, मग पुन्हा मोकळा. खांद्याच्या सांध्याशी, खालच्या तिसऱ्या हिश्शात, असं त्याने सांगितलं होतं. गोळी लागल्यावर तो पाचपन्नास मीटर पळाला आणि बसला. माग काढणारा आधी गोळी लागल्या जागी गेला आणि वाळूतला रक्ताचा ठिपका बोटाने दाखवला. शिकारीच्या करारातलं सगळ्यात कडक कलम ते आहे : रक्त दिसलं की पूर्ण पैसे, जनावर हाती लागो वा न लागो.

फार्मवरच्या कत्तलखान्यात तो टांगला, वजन केलं, वहीत लिहिलं. काळीज-आतडी कामगारांच्या घरी गेली, काही मांस स्वयंपाकघरात, उरलेलं गावातल्या खाटकाकडे. रात्री त्याचाच रस्सा होता. मीठ आणि मिरी, बस्स. आमच्या तांबड्या रश्श्याचा मसाला जवळ नव्हता याचं वाईट वाटलं. मांस अमेरिकेत नेता येत नाही. बिल्टाँगचा, म्हणजे तिथल्या सुकवलेल्या मांसाचा, एक तुकडासुद्धा नाही. ‘‘जे खायचं ते इथेच खा,’’ मालकीणबाईंनी बजावलं.

मुंडक्याचं काम बघण्यासारखं असतं. खांद्यापर्यंतचं कातडं मोज्यासारखं उलटं सोलतात. कानाची कूर्चा आतून सोडवून कान उलटे करतात, ओठ आतून चिरतात, पापण्यांजवळ चाकूच्या टोकाने काम चालतं. मग सगळीकडे मीठ चोळतात, मुठीमुठीने. मीठ कुठे कमी पडलं की तिथले केस गळतात आणि ते अमेरिकेत पोचल्यावरच कळतं. कवटी उकळून पांढरी करायची. प्रत्येक तुकड्याला क्रमांकाचा बिल्ला.

यापुढचा खेळ रोगांचा. नामिबियाच्या उत्तर भागातून आडवं एक कुंपण जातं, हजार किलोमीटरहून लांब. त्याला तिथे सगळे लाल रेषा म्हणतात. 1896-97 मध्ये बुळकांडीची साथ थोपवायला जर्मनांनी पहारे बसवले, त्यातून पुढे ही रेषा आली. आज ती लाळ्या-खुरकुतासाठी आहे. रेषेच्या दक्षिणेची गुरं युरोपला निर्यात होतात, उत्तरेच्या शेतकऱ्याला कच्चं मांस-कातडं दक्षिणेत आणायला बंदी. उत्तरेत बहुसंख्य लोक राहतात, त्यामुळे तो तिथे आजही धुमसणारा राजकीय प्रश्न आहे. अमेरिकेचं कृषी खातंसुद्धा हीच रेषा मानतं. आमचं फार्म दक्षिणेला, म्हणून सोपं गेलं, पण तसं पशुवैद्यकीय दाखल्यावर लिहिलेलं असणं आवश्यक. विंडहोकमधल्या टॅक्सिडर्मीवाल्याने, म्हणजे मुंडकी-कातडी टिकवण्याचं काम करणाऱ्याने, सगळं औषधात बुडवून, वाळवून लाकडी खोक्यात भरलं. खोक्याचं लाकूडसुद्धा उष्णतेने प्रक्रिया केलेलं हवं आणि त्यावर गव्हाच्या ओंबीचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा. लाकडातून किडे येतात म्हणून.

डॅलस-फोर्टवर्थ हे वन्यजीव आयातीसाठी नेमून दिलेलं बंदर आहे. इथे 3-177 क्रमांकाची घोषणा भरावी लागते आणि आम्ही ते काम एका कस्टम दलालाला दिलं होतं. खोका आला आणि अडकला. दलालाने एका ओळीत नुसतं ‘ऑरिक्स, एक नग’ लिहिलं होतं. गेम्सबॉक म्हणजे ऑरिक्स गॅझेला, सायटिसच्या कुठल्याच परिशिष्टात, म्हणजे संरक्षित जातींच्या यादीत, नाही; त्यातली पहिली यादी सगळ्यात कडक. पण अरबी ऑरिक्स पहिल्या परिशिष्टात, वाकड्या शिंगांचा सहाराचा ऑरिक्सही पहिल्याच. म्हणजे नुसत्या ‘ऑरिक्स’मधून मी सरळ तस्कर ठरू शकत होतो. निरीक्षकाचं वागणं मला आवडलं. त्याला शिंगं बघून उत्तर ठाऊक होतं, तरी शास्त्रीय नाव कागदावर आल्याशिवाय त्याने शिक्का मारला नाही. विंडहोकहून परवान्याची आणि फार्मच्या वहीची प्रत मागवली. दुरुस्ती झाली. गोदामाचं भाडं दलालाने माझ्याच बिलात लावलं, त्यावर आमचं अजून मिटलेलं नाही.

शिंगं आता गॅरेजमध्ये आहेत. दिवाणखान्याचा विषय घरात काढायचा नाही. कोल्हापूरला एखादं न्यावं असं मनात आलं होतं, पण भारतात सामानातून वन्यप्राण्याचा भाग आणायला मनाई आहे. आण्णांनी फोटोवर समाधान मानलं. 3-177 ची शिक्का मारलेली प्रत आणि त्यासोबतचे कागद पाच वर्षं जपून ठेवायचे असतात. ते मी एका फायलीत घालून दस्तऐवजांच्या कपाटात ठेवलेत.

मागच्या महिन्यात ओळखीतल्या एकाने फोन केला. त्याला बिबट्या हवा होता, आणि तिकिटं स्वस्त मिळत होती. मी म्हटलं, बिबट्या पहिल्या परिशिष्टात आहे. नामिबियाचा वर्षाचा कोटा 250 चा, तिथला निर्यात परवाना लागेल, शिवाय इथला आयात परवाना वेगळा, तो आधी हातात घे, मगच तिकीट बघ. तो हिरमुसला. झेब्रा? डोंगरी झेब्रा दुसऱ्या परिशिष्टात, त्यालाही सायटिसचा निर्यात परवाना. मग म्हणाला, ‘‘बरं, सगळ्यात कमी कागद कशाला लागतात ते सांगा.’’

‘‘रानडुक्कर,’’ मी म्हणालो. ‘‘इथेच, टेक्ससमध्ये. खाजगी जमीन आणि मालकाची परवानगी असेल तर 2019 पासून साधा शिकारीचा परवानाही लागत नाही.’’

त्याने विचारलं, त्याचं मुंडकं भिंतीवर कसं दिसेल.